टेम्पोतलं आवतण

मला राग लवकर येतो हे साऱ्या कोपरगावाला ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांना तर सगळ्यात आधी कळायचं. मी, म्हणजे इंदूबाई, चष्मा पुसत वर्गात शिरले की मागचा बाक आपोआप गप्प बसे. पण त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याआधी मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो आला एका बुंदीच्या पातेल्यावरून.

त्याचं असं झालं. आदल्या साली पाऊस पडलाच नाही. कर्जतकडची माणसं बायकापोरांसह, जगलीवाचली गुरं हाकत आमच्याकडे कालव्याच्या पाण्याला आली. गावाबाहेरच्या माळावर चाळीसेक छपरं उभी राहिली. पुरुष आणि तरण्या बायका सरकारी कामावर माती उचलायला जात आणि म्हाताऱ्या पोरं सांभाळत. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिळायची. तिची भाकरी गरम असेपर्यंत भाकरी असे, गार झाली की तिच्यावर सुपारी फोडता आली असती.

या नव्या माणसांसाठी गावात एक समिती निघाली. समिती म्हणजे अध्यक्ष विष्णुपंत, चिटणीस मी आणि बन्सीचा टेम्पो. विष्णुपंत माझ्याच शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते. टेम्पो तीनचाकी होता, आणि पन्नाशीचा बन्सी त्याला चढावर "हान माझ्या राजा" असं म्हणत चालवायचा. बाकीच्या सभासदांची नावं फक्त फलकावर होती.

त्या साली कोपरगावात अन्न कमी नव्हतं, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. उसाला पाणी होतं, उसवाल्यांच्या घरी लग्नं होती, आणि लग्नं नेहमीच्याच थाटात होती. आचारी जुन्या हिशेबानं हजार पानांचा स्वयंपाक करत. पण कोरडवाहू भागातले पाहुणे येतच नसत. आहेर करायला हातात काही नाही, मग लग्नाला कोणत्या तोंडानं जायचं, असं म्हणून ते घरीच बसत. मांडवात पातेलीच्या पातेली उरत आणि दुसऱ्या दिवशी म्हशींपुढे जात. विष्णुपंतांनी ठराव केला की ही हात न लागलेली पातेली उचलायची आणि थेट माळावर पोचवायची. एकच अट घातली. अध्यक्षांनी चाखून पाहिल्याशिवाय कुठलंही पातेलं टेम्पोत चढणार नाही. आरोग्याचा प्रश्न आहे, म्हणाले. वरण ते एकदा चाखत, जिलबी तीनदा.

पहिलं लग्न मिळालं ते भिमाजीरावांच्या मुलीचं. भिमाजीराव म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. त्यांना आपलं नाव स्वतःच्या जीपइतकं प्यारं होतं, दुसऱ्यानं हात लावलेला चालत नसे. उरलेलं घेऊन जा, असं त्यांच्या आचाऱ्यानंच सांगितलं. दोन पातेली बुंदी, एक भात आणि एक वांग्याची भाजी. दिवस कलायला आम्ही माळावर पोचलो.

पोरं धावत आली. टेम्पोभोवती उभी राहिली, पण कुणी हात पुढे केला नाही. सगळी मागे वळून एका म्हातारीकडे बघत होती. ती राहीबाई. काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चाळीस छपरांत तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

"ह्ये कुनी धाडलं, बाई?" तिनं मला विचारलं.

"भिमाजीरावांकडे आज लग्न होतं. बुंदी आहे, चांगली साजूक तुपातली. पोरांना बसवा."

"लगीन झालं व्हय? मंग आमाला आवतण कुटं हुतं?"

मला वाटलं थट्टा करते आहे. "अहो, आवतण कसलं? उरलं आहे म्हणून आणलं."

"म्हंजी न्हाई." तिनं शांतपणे पदर सारखा केला. "बोलिवल्याबिगर लग्नाचं कोन जेवतंय? आमी गाव सोडून आलो, पन रीत सोडून न्हाई आलो. घिऊन जावा माघारी."

चष्मा पुसायचंही मला सुचलं नाही. मी भर माळावर व्याख्यान दिलं. पोरांची पोटं बघा म्हणाले, देशावरचं संकट बघा म्हणाले, बुंदीला पाय फुटून ती माघारी जाणार नाही असंही म्हणाले. राहीबाई एखादं पोर पाढे म्हणत असावं तशी ऐकत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "घसा सुकला आसंल. पानी घ्या थोडं."

पाणी प्यायले, कारण घसा खरंच सुकला होता. एक चार वर्षांची पोर पातेल्याच्या कडेला सांडलेल्या एका बुंदीकडे टक लावून बघत होती, आणि राहीबाईची नजर त्या पोरीवरून हलत नव्हती. तेव्हा मला कळलं की नाही म्हणणं तिलाही सोपं नव्हतं. पण कळल्यानं राग कमी होत नाही, उलट वाढतो.

तरातरा टेम्पोकडे गेले. दुपारी लग्न लागल्यावर बन्सीनं याच टेम्पोतून वऱ्हाडी घरी पोचवले होते. सीटच्या फटीत झेंडूच्या पाकळ्यांसकट पिवळ्या अक्षता अडकल्या होत्या. त्या मी बोटानं उकरून काढल्या, मूठभर निघाल्या. परत आले, पदर खांद्यावरून नीट घेतला, वाकले आणि राहीबाईच्या ओंजळीत त्या ठेवल्या.

"भिमाजीराव आणि मनकर्णाबाई यांच्या मुलीचं लग्न आहे," मी म्हणाले, "तरी सगळ्यांनी जेवायला यायचं. मांडवात जागा कमी, म्हणून जेवण इथं आलंय."

राहीबाईनं अक्षतांकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"घरटी एक का चूलबंद?"

"चूलबंद!" मी ओरडलेच. चूलबंद म्हणजे घरातल्या साऱ्यांना बोलावणं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही.

तिनं अक्षता पदराच्या गाठीत बांधल्या आणि वळून हाक दिली, "उठा रं, हातपाय धुवा! लग्नाला जायाचं हाय!"

टेम्पोपासून आठ पावलांवर पंगत बसली. पण तेवढ्यासाठी बायकांनी लुगडी झटकून नेसली, कामावरून आलेल्या पुरुषांनी पटके बांधले. मी वाढत सुटले. त्या पोरीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसली, उघडीचना. मला एकदम रडू आलं. मी ते बन्सीवर ओरडून घालवलं.

इथवर सगळं ठीक होतं. आम्ही निघालो तर राहीबाई एक गोधडी घेऊन पुढे आली. बारा बायकांच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, मधे दोन हिरवे राघू. "ह्यो आहेर. नवरीच्या आईला द्या, राहीबाईकडून म्हनावं."

"आहेर कशाला? राहू दे."

"लग्नाचं जेवायचं आनि रिकाम्या हातानं उठायचं?" ती म्हणाली. "आसं कुटं आसतंय?"

आता हा आहेर मी कोणत्या तोंडानं पोचवणार? भिमाजीरावांना सांगायचं काय, की तुमच्या नावानं मी परस्पर दोनशे माणसांना चूलबंद आवतण दिलं? मी गोधडी शाळेत नेली आणि नकाशांच्या कपाटात टाकली. उद्या बघू म्हटलं. ही माझी चूक. माझ्या हातून फार चुका होत नाहीत, म्हणून ही नीट लक्षात आहे.

त्यानंतर माळावर अन्न पोचवण्याची एक पद्धतच बसून गेली. ज्या दिवशी कुणाकडे लग्न असेल त्या दिवशी सकाळी मी अक्षता घेऊन माळावर जायची, यजमानाचं नाव घेऊन वाकून आवतण द्यायची आणि संध्याकाळी टेम्पो यायचा. वैशाख लागेपर्यंत अशी अकरा घरं झाली. एकाही यजमानाला पत्ता नव्हता. प्रत्येक वेळी आहेर यायचा. घायपाताचं वळलेलं दावं, सुतळीचं शिंकं, लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या शेवया. सगळं कपाटात. एकदा तपासणीला साहेब आले आणि आशियाचा नकाशा मागितला. मी कपाट उघडलं तर त्यांच्या अंगावर दोन दावी आणि एक शिंकं पडलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"भूगोल," मी म्हणाले. "ग्रामीण जीवन. प्रत्यक्ष साहित्यातून."

साहेबांनी वहीत शाबासकी लिहिली.

आणि मग एका रविवारी राहीबाईनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं. तिच्या नातीचं, चांगुणाचं, लग्न ठरलं होतं. चांगुणाचे आईबाप गेल्या वर्षीच गेले होते, त्यामुळे सगळा भार आजीवर. मुलगा देवळाली प्रवरा गावचा, गोरक्ष नावाचा, इथं कालव्यालगतच्या उसाच्या मळ्यावर कामाला. कालव्याच्या कामावर दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. एरवी ढीगभर माती उचलणारी चांगुणा त्या दिवशी मला पाण्याचा तांब्या देताना चार वेळा अडखळली. ते बघून मी खूश झाले. पण माझी ती खुशी फार वेळ टिकली नाही.

"मुलाचा चुलता कानिफनाथ आला हुता," राहीबाई म्हणाली. "म्हनला, कॅम्पातली मानसं धर्माचं खात्यात आसं आयकलंय. भिकंचं खानाऱ्या घरची पोर आमी करनार न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, आमी धर्माचं न्हाई, आवतणाचं जेवतो. आहेर करून जेवतो. ज्येंचं ज्येंचं जेवलो ते समदे चांगुनाच्या लग्नाला मांडवात येतील. न्हाई आले तर नवरदेव तसाच माघारी न्या."

मी खालीच बसले. दगड तापलेला होता तरी उठले नाही.

तिनं माझ्या ओच्यात अक्षतांच्या पुड्या टाकल्या. मिलोच्या दिवसांत तांदूळ कुठून मिळवले होते कोण जाणे. "भिमाजीरावांकडं एक. पाटलाकडं एक." असं करत अकराही घरांची नावं तिनं न चुकता घेतली. मी बाराव्या पुडीची वाट बघत होते. तीन महिने उन्हातान्हात या माळावर येत होते मी. पण अकरावी पुडी दिली आणि राहीबाईनं हात झटकले.

"एवढ्या पोचवा, बाई. तुमचं यजमानांशी चांगलं हाय."

खरं सांगते, घाबरण्याच्या आधी मला रागच आला. मला आवतण नाही! अकरा घरी पुड्या वाटायला मी, आणि मला एक दाणा नाही. त्या रागातच टेम्पोत बसले. अर्ध्या वाटेवर राग उतरला आणि मग मी घाबरले. माझ्या खोटेपणानं ते लग्न मोडणार होतं. पोरीची लाज, म्हातारीचा शब्द, सगळं माझ्या कपाटात अडकून पडलं होतं.

विष्णुपंतांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "इंदूबाई, सत्य सांगून टाका. सत्याला पर्याय नाही." मी म्हटलं, तुम्ही चला बरोबर. तर लग्नाच्या दिवसापर्यंत त्यांना शिर्डीला फार महत्त्वाचं काम निघालं.

कपाटातले सगळे आहेर बन्सीच्या टेम्पोत भरले आणि पहिल्यांदा भिमाजीरावांकडे गेले. कठीण गणित आधी सोडवावं असं मी मुलांना सांगते. भिमाजीराव ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यापुढे राघूंची गोधडी पसरली, वर अक्षतांची पुडी ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्यांचा चेहरा हळूहळू गाजराच्या रंगावर गेला. "माज्या नावानं आवतण? कुनी दिलं?"

"मी."

"किती मानसांना?"

"दोनशे. चूलबंद."

"माज्या पोरीच्या लग्नाला मी कलेक्टरला पत्रिका दिली, आनि तुमी त्या माळावरच्या लोकास्नी? माज्या तोंडून? मला न इचारता?"

"अन्न तुमचंच होतं."

"अन्न माजं हुतं, आवतण माजं नव्हतं!"

"मग म्हशींना दिलं होतंत का आवतण?" माझाही ताबा गेला. "दर लग्नात जेवत होत्या त्या!"

आम्ही दोघंही उभे राहून ओरडत होतो. बन्सी टेम्पोच्या चाकामागे जाऊन बसला. तेवढ्यात आतून मनकर्णाबाई बाहेर आल्या. त्या भिमाजीरावांच्या पत्नी. बुटक्या, शांत, आणि घरात त्यांनी आवाज चढवल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी गोधडी उचलली, उलटी केली, टाके बघितले.

"बारीक धाव दोरा हाय," त्या म्हणाल्या. "कुनाची ही?"

"तुमच्या मुलीच्या लग्नातला आहेर. राहीबाईकडून. माघातला."

"माघातला?" मनकर्णाबाईंचा हात थांबला. "आनि आता वैशाख. पोरीचा आहेर तीन म्हैनं तुमच्या शाळंत? आनि त्या घरी आता कार्य निघालंय, आनि आपल्याकडून परतीचा आहेर न्हाई?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमी काय वरडत बसलाय? कापडं काढा."

"आगं, पन मी आवतण दिलंच न्हाई!"

"आहेर आलाय का न्हाई?"

"आलाय."

"मंग दिलं हुतं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि गोधडी घेऊन आत गेल्या.

भिमाजीराव उघड्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांची कीव आली, पण थोडीच.

बाकीच्या दहा घरी मी आहेर आणि अक्षता पोचवल्या. कुणी हसलं, कुणी "बघू" म्हणालं, एकानं फोटोवाला येणार का असं विचारलं. एका घरच्या म्हातारीनं मात्र शेवया मोडून जिभेवर ठेवल्या आणि डोळे पुसले. तिचं माहेर कर्जतकडचं होतं. खात्रीनं "येतो" असं कुणीच म्हणालं नाही.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा होता. माळावर बांबू रोवून वर उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची पानं, टाकून मांडव घातला होता. गुरांना वाटलं आपलीच सोय केली आहे. एका बैलानं मांडवाचा पूर्वेचा कोपरा खाऊन टाकला होता, तिथून ऊन आत येत होतं आणि बरोबर त्याच उन्हात कानिफनाथ बसले होते. मोठ्या मिशांचा, ताठ माणूस. नवरदेव गोरक्ष बाशिंग बांधून बिचारा जमिनीकडे बघत होता.

"काय ओ राहीबाई," कानिफनाथ मोठ्यानं म्हणाले, "कुटं हायेत तुमचे यजमान?"

"येत्याल," राहीबाई म्हणाली. आणि ती माझ्याकडे बघायचीही नाही.

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. भटजी दोनदा घड्याळ बघून गेले. चांगुणा छपराच्या दारात मुंडावळ्या बांधून उभी होती. तिनं दाराचा बांबू घट्ट धरून ठेवला होता. रस्त्यावर एक सायकलवाला गेला, मग एक शेळी. कानिफनाथांनी पटका सारखा केला आणि उठायची तयारी केली. मी मनातल्या मनात साऱ्या उसाला कीड लागो म्हटलं.

मग धूळ दिसली. पुढे भिमाजीरावांची जीप, मागे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गच्च भरलेल्या बायका. पैठण्या, नथी, मांडीवर झाकलेली ताटं. सगळ्यात पुढे ट्रॉलीची कड धरून मनकर्णाबाई उभ्या होत्या. नंतर कळलं की गेले तीन दिवस त्यांनी घरोघरी एकच निरोप धाडला होता, की ज्यांनी परतीचा आहेर बुडवला त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला आपण पुढं पाऊल टाकणार नाही. भिमाजीराव जीपमधून उतरले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात उपरणं, चेहरा अजून गाजराचाच.

राहीबाई पुढे झाली आणि तिनं मनकर्णाबाईंना कुंकू लावलं. "आलासा, लई बरं वाटलं."

"यायला नको व्हय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमची गोदडी लेकीकडं धाडली. आता नातवंडाला हुईल ती."

कानिफनाथ मात्र बोटांवर मोजत होते. "सात घरची हायेत. अकरा म्हनला हुता. चार कमी."

मी काहीतरी ओरडायला तोंड उघडलं, पण मनकर्णाबाई आधी वळल्या. "त्या चार घरची मी थोरली जाऊ हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्येंच्या वतीनं मी आले. काय म्हननं हाय?"

त्या चार घरांपैकी एक मारवाड्याचं होतं आणि एक सोनाराचं. पण मनकर्णाबाईंच्या नजरेपुढे हे सांगायची छाती कुणाची? कानिफनाथ म्हणाले, "न्हाई, म्हननं काय न्हाई," आणि खाली बसले. अक्षता पडल्या. गोरक्षनं मान वर केली तेव्हा प्रथमच दिसलं की पोरगा देखणा आहे.

पंगत बसली. गुळाची लापशी, कडक आमटी आणि मिलोची भाकरी. कुठून कुठून साठवून, पोटाला चिमटा घेऊन केलेलं. भिमाजीरावांनी तांबडी भाकरी उलटसुलट करून पाहिली. "ह्ये काय हाय?"

"सरकारी हाय, मालक," बन्सी म्हणाला. "गरम हाय तवर खावा."

त्यांनी तीन खाल्ल्या. विष्णुपंतांचं शिर्डीचं काम नेमकं पंगतीच्या वेळेला संपलं. ते आले आणि सवयीनं लापशीच्या पातेल्यात चमचा घालून चाखून बघायला लागले.

मी चुलीमागे राहीबाईला गाठलं. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही असं वाटलं. "राहीबाई, मी खोटं बोलले होते. कुणीच तुम्हाला बोलावलं नव्हतं. ती सगळी आवतणं माझीच होती."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि पातेलं ढवळत राहिली.

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं. आवतणाच्या अक्षतांत झेंडूच्या पाकळ्या कवा आसत्यात? त्या लगीन लागलेल्या मांडवातल्या अक्षता."

"मग घेतल्यात कशाला?"

"समोर पोरं उपाशी. मलाबी कुनीतरी बोलवायला पायजेच हुतं की. तुमी पदर सारखा केला, वाकला, तोंडानं या म्हनलं. तेवढं कुनी म्हनलं नव्हतं हितं आल्यापास्नं." तिनं पदरानं डोळे पुसले. धूर होताच. "पन अन्न त्येंचं हुतं ना? त्येंना ठावं नसंल, खानाराला ठावं आसतंय. म्हनून आहेर धाडला, म्हनून आज बोलिवलं."

"आणि ते आले नसते तर?"

"तर काय, पोर बिनलग्नाची ऱ्हायली आसती," ती म्हणाली. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई माज्या."

म्हणजे तीही माझ्याइतकीच घाबरली होती. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण सगळं सुरळीत पार पडल्यावर माझ्या आत दडून बसलेला राग परत वर आला. मी पिशवी उचलली.

"येते मी."

"कुटं?"

"घरी. अकरा पुड्या वाटल्या मी. मला कुठं होतं आवतण?" बोलताना आवाज फुटला, आणि आवाज फुटला याचाही राग आला.

राहीबाई ढवळायची थांबली. माझ्याकडे बघून हसायला लागली. हसता हसता तिनं लापशीची भरलेली बादली उचलली आणि माझ्या हातात अडकवली. पहिल्यांदाच तिनं मला बाई म्हटलं नाही.

"इंदे, घरच्या मान्साला कोन आवतण देतंय गं? धर बादली. तिकडं व्याह्याचं पान रिकामं पडलंय आनि तू हितं रुसून बसलीस."

मी पिशवी तिथंच टाकली, पदर खोचला आणि पंगतीत शिरले. कानिफनाथांच्या पानात पहिली पळी वाढली, दुसरी वाढली. तिसरीला त्यांनी पानावर आडवा हात धरला. "बास, बास, बाई."

"हात काढा," मी म्हणाले. "आमच्याकडे पाहुणे इतक्यात बास म्हणत नाहीत."